कार्ड घातलेलं नाही

एर्देनेतमधल्या आमच्या इमारतीत
तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे
गरम पाण्याचा पाइप भिंतीबाहेर डोकावतो.
येणारा-जाणारा तिथं हात शेकतो
आणि शेकता शेकता काहीतरी देऊन जातो.

त्सेंदआयुशनं दिलं ते असं:
बूझ गोठवायचे तर ताटाला पीठ लावू नकोस,
रवा भुरभुरव. सुटे राहतात, खड्यांसारखे.
बाल्कनीत ठेवलेस की वर टब उपडा घाल, टबावर वीट.
कावळ्यांना मटणाचा वास कळत नाही,
आपला विसराळूपणा कळतो.

मी तिला बॅटरी दिली. म्हणजे, बॅटरीची अक्कल.
उणे छत्तीसला तिला डिकीत एकटी ठेवू नये.
संध्याकाळी काढावी, पोत्यात घालून वर आणावी.
माझी तर बुटांच्या शेजारी निजते.
नवऱ्यानं इतकं ऐकलं असतं तर, त्सेंदआयुश म्हणाली,
आणि पुढचं पाइपाला सांगितलं.

बॉनेटवर घालायला गालिच्यांचे कातरलेले काठ,
ते कारखान्यातून मीच आणते. लोकर सोळा आणे.
गेल्या हिवाळ्यात अंगणात अकरा गाड्या
लाल-निळ्या नक्षीत गुरफटून,
लग्नघरात पाहुणे आडवे व्हावेत तशा.

गोंबोसुरेन आजोबा: तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं,
एक कान तिथंच ठेवून आलेले.
त्यांचा शोध, कोरियन मालिका शेवटच्या भागापासून
उलटी बघायची.
कोण मरतं, कोण कोणाला सोडतं, एकदा कळलं
की जिवाला घोर नाही,
मग माणसांची स्वयंपाकघरं निवांत बघता येतात.

मला हसू आलं. पण करून बघितलं.
सकाळी काचेवरचा बर्फ सुटायला वीस मिनिटं लागतात;
गाडीत बसून, फोन स्टीअरिंगला टेकवून,
मी सोळाव्या भागातून पहिल्याकडे येत गेले.
आणि पहिल्या भागात,
जिथं ती दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत,
बसथांब्यावर एका छत्रीवरून भांडताहेत,
तिथं मला रडू फुटलं.
हे आजोबांनी सांगितलं नव्हतं.

आता गाडीचं.
जपानहून आलेली, तिसऱ्या हातची, स्टीअरिंग उजवीकडे.
चालू केली की आतून एक बाई बोलते, जपानीत,
इतक्या अदबीनं
की पहिल्या दिवशी मी डोक्यावरची टोपी सारखी केली.
सहा वर्षं, रोज.
मी धरून चालले, ती म्हणते, सांभाळून जा.
त्सेंदआयुशच्या गाडीतही तीच बाई;
तिच्या मते ती म्हणते, पट्टा लाव.
आजोबांच्या मते, दिवस चांगला जावो.
ते बरा कान तिकडे करतात
आणि म्हणतात, तुझाही, पोरी.

परवा त्यांची नात आली, एन्ख्जिन,
उलानबातरला जपानी शिकते.
बाजारापर्यंत सोडते म्हटलं. बसलो. बाई बोलली.
पोरीनं सहज सांगितलं,
"कार्ड घातलेलं नाही, म्हणते.
तिकडच्या टोलनाक्यांचं कार्ड."
एवढंच?
एवढंच.

कोबी घेतला, दोन किलो मटण, रवा.
परतलो तर पाइपाशी तिघं उभी,
पंजे पसरून.
काय गं, आजोबांनी विचारलं, नवीन काही?

एन्ख्जिननं माझ्याकडे बघितलं
आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
मी हातमोजे काढले, पाइपाला हात लावला.
रवा महागलाय, म्हटलं.

आज सकाळी उणे एकतीस.
बॅटरी खाली नेली, जोडली, गालिचा झटकला.
कार्ड घातलेलं नाही, ती म्हणाली,
त्याच आवाजात, तितक्याच मायेनं.
हो बाई, मी म्हटलं,
येते.